ओढता येतं, थांबवता येतं का?

दात काढू नकोस. हे तुझ्या ट्रॅक्टरचं सीट नाही, माझं अंगण आहे. आणि मी बोलत असताना "हो बाई, हो बाई" म्हणत मान डोलवायची तुझी जुनी खोड मला चांगली ठाऊक आहे. नववीतही असाच डोलायचास आणि चाचणीला निम्मा पेपर कोरा ठेवून उठायचास.

तुझं नाव इथं लिहीत नाही. तुझी आई हे वाचेल आणि तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शिवाय नाव लिहून साधायचंय काय? गाळप सुरू झालं की शिक्रापूरच्या चौकात तासभर उभं राहावं, तुझ्यासारखे एकामागोमाग एक दिसतात. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या फळ्यांच्याही वर पुरुषभर ऊस, मडगार्डवर चुलतभाऊ, टपाखाली दोन मोठे स्पीकर आणि तोंडात मावा. कोणी जातेगावच्या कारखान्याकडं निघालाय, कोणी भीमा ओलांडून दौंडात पाटसकडं. सगळ्यांच्या तोंडी वाक्य मात्र एकच. परवा तू माझ्याच तोंडावर फेकलंस ते. "बाई, आपला ट्रॅक्टर वीस टन ओढतो, काय होत नाही."

ओढतो. कोण नाही म्हणतंय? पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन, खालचे गिअर, मागं माणसाच्या छातीएवढी चाकं. ओढेल नाही तर काय करेल? मी तुला ओढण्याचं विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, वीस टन थांबवतो का? त्यावर तू हसलास. ते हसू मला झोंबलं, म्हणून आज बोलावलंय. बस खाली. तो मोबाईल उपडा ठेव.

तुम्हा लोकांनी धडा निम्माच पाठ केलाय. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा, गतीचे नियम. चालतं करायला बल लागतं, एवढं तुमच्या ध्यानात राहिलं. चालत असलेलं थांबवायलाही बलच लागतं, आणि ते बल कुठून येणार याचा हिशेब मालकालाच सांगावा लागतो, हा भाग कोऱ्या पानावर गेला. ये इकडं, फळ्यावर मांडू. आकडे सोयीचे घेते, तुझ्या बाजूचेच घेते, म्हणजे नंतर कुरकुर नको.

तुझा ट्रॅक्टर धर २.३ टनांचा. त्यातलं दीड टन मागच्या चाकांवर. ब्रेक कोणत्या चाकांना आहेत? मागच्या. पुढच्या चाकांना नाहीत, ट्रॉल्यांच्या आठ चाकांपैकी एकालाही नाहीत. म्हणजे या सगळ्या लवाजम्याला थांबवणारी चाकं दोन, आणि त्यांच्यावर दाब दीड टनाचा. कोरड्या डांबरावर रबराची पकड त्या दाबाच्या साठ टक्के धरू. झाले ९०० किलो. तू पेडलवर उभा राहिलास, बैलासारखा जोर लावलास, तरी याच्या वर एक किलो मिळायचा नाही; चाक जाम होऊन घासत जाईल, बस. आता मागचं वजन. रिकामी ट्रॉली दोन टनांची, अशा दोन. प्रत्येकीत नऊ टन ऊस. तू याहून जास्त भरतोस हे मला माहीत आहे, पण म्हटलं ना, तुझ्या बाजूनं घेते. एकूण झाले २४ टन.

नुसता ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरनं चाललाय आणि समोर पोर आलं. ब्रेक लागल्यापासून सहा-साडेसहा मीटरात उभा राहतो. तुझी ट्रॅक्टरची सगळी समज या सहा मीटरांवर बेतलेली आहे, कारण शेतात, गावात, दुधाच्या गाडीमागं तू हाच रिकामा ट्रॅक्टर फिरवतोस. आता त्याच वेगानं २४ टन घेऊन ये. ट्रॉल्यांच्या चाकांचं घासणंही तुझ्या मदतीला धरते, वजनाच्या दोन टक्के. तरी उत्तर येतं त्रेचाळीस मीटर. त्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी सात. पन्नास मीटर झाले. आणि हे कोरड्या, सपाट रस्त्यावर, ब्रेक नवे असताना, तू जागा असताना. वेग २५ वरून ३५ केलास तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. मधला फरक दहाचा आहे, म्हणून तुला तो क्षुल्लक वाटतो. वेगाचा वर्ग होतो, बाळा. वर्ग. तोही शिकवला होता.

अजून खाली बसू नकोस, उताराचं राहिलंय. वीस मीटरांना एक मीटर उतरणारा रस्ता डोळ्यांना उतार वाटतही नाही. पुलावरून खाली येताना, बंधाऱ्यावरून वळताना असे उतार आपल्याकडं किती तरी आहेत. त्या उतारावर तुझे २४ टन खाली ओढतात १२०० किलोंच्या जोरानं. तुझ्याकडं ब्रेकचे ९०० आणि चाकांच्या घासण्याचे ४८०, मिळून १३८०. शिल्लक १८०. त्यावर तू दोन ट्रॉल्या थांबवायला निघालास. आणि रस्ता ओला असेल, अवकाळीचा शिंतोडा पडला असेल, टायरांबरोबर फडातली काळी माती डांबरावर आली असेल, तर पकड साठ टक्क्यांवरून चाळीसवर येते. ९०० चे होतात ६००. कर बेरीज. १०८० आले ना? आणि खाली ओढतंय १२००. तू ब्रेक दाबून बसलेला आहेस, चाकं जाम आहेत, आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पुढं पळतोय. पोलीस पंचनाम्यात लिहितात, "ब्रेक निकामी झाल्याने". ब्रेक कशाला निकामी होतील? ब्रेक चांगले होते. त्यांच्यावर लादलेलं गणित चुकलं होतं.

आणि अशा उतारावर तू न्यूट्रल करतोस, डिझेल वाचवायला! मला सांगू नकोस की करत नाहीस. आवाजावरून कळतं, इंजिन मंद होतं आणि ट्रॉल्यांचा खडखडाट वाढतो. गिअरमध्ये असताना इंजिन निदान वेग बांधून ठेवतं. न्यूट्रलला तो बांध सुटतो, मग ब्रेक घासून घासून तापतात आणि खाली पोचेपर्यंत त्यांच्यात जीव उरत नाही. ज्या गिअरनं तो चढ चढला असतास त्याच गिअरनं उतर. आणि गिअर उतार लागायच्या आधी टाक. मधे बदलायला गेलास आणि पडला नाही, तर झालं न्यूट्रल.

ट्रॉलीला ब्रेक लावता येतात, हे तुला कोणी सांगितलंच नसेल. हवेचे येतात, हायड्रॉलिक येतात. याहून साधेही येतात: ट्रॅक्टर मंदावला की मागची ट्रॉली पुढं रेटते, दांडा आत दबतो आणि त्या दबण्यानंच ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. युरोपात भरलेलं वजन ७५० किलोंच्या वर जाणार असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. साडेसातशे किलो! आपल्याकडं तेवढ्या वजनाची बारदानाची थप्पी कोणी मोजतही नाही. वर्कशॉपात चॅनेल कापून, वेल्डिंग मारून, ट्रकचे उतरलेले टायर घालून ट्रॉली तयार होते, आणि तिच्यावर पहिला खर्च होतो तो रंगाचा.

आता तुझ्या पायाखालचं बोलते. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन का असतात? हे येतं तुला, फडात वळवताना एकच दाबायचं, ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. शाब्बास. आणि रस्त्यावर आल्यावर? त्या दोन पेडलांना जोडणारी एक लोखंडी पट्टी असते, अंगठ्यानं सरकवायची. परवा तू आत चहा घेत होतास तेव्हा मी वाकून पाहिली. गंजून, मातीनं भरून एका बाजूला पडलेली. ती या हंगामात एकदाही लावली गेलेली नाही हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. पंचवीसच्या वेगात पाय उजव्या पेडलावर जास्त पडला तर ट्रॅक्टर उजवीकडं मान टाकणार, समोरून कंटेनर येत असताना. त्याच वेळी मागच्या ट्रॉल्या सरळ ढकलत असतात, त्यांना कुठं माहीत आहे ट्रॅक्टर वळलाय? दांडा मागच्या टायरला भिडतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि तू त्याच्या आणि ट्रॉलीच्या मधे सापडतोस. ती पट्टी फुकट आलेली आहे. कंपनीनं दिलेली आहे. लावायला पैसे पडत नाहीत, डिझेल लागत नाही. तरी नाही लावत! याला मी काय म्हणू?

पिनेचंही तेच. दांड्याच्या डोळ्यात घालायची पिन हरवली म्हणून तू बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलायस, आणि खाली लॉक म्हणून वाकवलेली तार. ऊस भरलेली ट्रॉली खड्ड्यात आदळली की ती सळई वर उडी मारते. तार तुटली की एका उडीत ती बाहेर. मागची ट्रॉली सुटली तर तुला कळणारसुद्धा नाही, कारण स्पीकर चालू आहेत. साखळी आहे का दोघींच्या मधे? दांड्याखालून आडवी-तिरपी नेलेली, दोन्हीकडं पक्की बांधलेली? ती असली तर पिन निघाली तरी ट्रॉली निदान भटकत नाही. नसली तर दहा-अकरा टनांची वस्तू बिनड्रायव्हरची मोकळी सुटली, पुढं मोटारसायकल आहे की शाळेची रांग, ते तिचं तिला.

फडात ट्रॉली रुतली की आणखी एक शहाणपण चालतं. दुसरा ट्रॅक्टर आणायचा, साखळी घ्यायची आणि जिथं उंच, तिथं अडकवायची. नांगराच्या वरच्या पिनेला. का, तर खालचा हुक मातीत आहे. मागची चाकं घट्ट रोवलेली, ओढ वरून, आणि तू क्लच एकदम सोडलास. ट्रॉली हलत नाही, मग हलणार कोण? ट्रॅक्टरचं तोंड वर. एकदा पुढची चाकं पुरती उचलली की सावरायला सेकंदही मिळत नाही, ट्रॅक्टर मागं पालथा होतो आणि सुकाणू ड्रायव्हरच्या छातीवर येतं. तुम्ही पोरं तर मुद्दाम पुढची चाकं उचलून त्याचे व्हिडिओ काढता. वर गाणं लावता. ओढायचं ते खालच्या हुकानंच, आणि माती उकरायला फावडं वापरायचं. दोन-तीन गडी लावून ट्रॉली निम्मी रिकामी करायची. वेळ जातो, हो. जाऊ दे.

स्पीकरचं मघाशी राहिलं. त्या आवाजापुढं तुला मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, टायर फुटलेला ऐकू येत नाही, ट्रॉलीवरच्या बाईनं मारलेली हाक ऐकू येत नाही. "बाई, झोप येत नाही त्यानं." म्हणजे झोप येते! काट्यावर नंबर लागायला अख्खी रात्र गाडीतळावर काढायची, उजाडता ट्रॉल्या रिकाम्या करायच्या, लगेच पुढची खेप. त्या थकव्यावर तुमचा इलाज काय, तर गाणं मोठं करायचं.

वळणाचं थोडक्यात सांगते. तळेगाव ढमढेऱ्याचा फाटा घे नाही तर शिक्रापूरचा चौक. ट्रॅक्टर जिथून वळतो तिथून पहिली ट्रॉली वळत नाही, ती आत कापते. दुसरी तिच्याही आत. तुझ्या डाव्या अंगाला थांबलेला मोटारसायकलवाला समजतो की ट्रॅक्टर पुढं गेला, आता वाट मोकळी झाली. मागची ट्रॉली त्याच्या अंगावर येते तेव्हा त्याला पळायला जागा नसते, आणि तुला तो दिसत नाही, कारण तुला आरसा नाही. आरसा होता, ऊस भरताना फुटला, तेव्हापासून नाही. आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून दांड्यावरून उडी मारून रस्ता ओलांडणारे जे महाभाग आहेत ना, त्यांचीही शाळा एकदा घ्यायची आहे. शाळा सुटल्यावर चालत्या ट्रॉलीमागं पळून ऊस ओढणाऱ्या पोरांना मी अजूनही फाटकापाशी उभी राहून हाकलते. तूही ओढायचास. तेव्हा खाल्लेली छडी विसरला असशील, पण आता सीटवर तू आहेस. पोर मागं लागलेलं दिसलं की गाडी हळू करून त्याला दमात घ्यायचं, वाढे हलवून हसायचं नाही.

आता जे सांगायला खरं तुला बोलावलं ते. मंगळवारी रात्री कोरेगावकडून येताना तुझी मागची ट्रॉली मी पाहिली. पंक्चर झालेली, साइडपट्टीवर नव्हे, अर्धी रस्त्यात. ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली घेऊन तू निघून गेला होतास. मागं दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. खूण म्हणून काय, तर उसात खोचलेली लिंबाची एक डहाळी. अंधारात हिरवी डहाळी! वाळलेल्या पाचटाचा रंग रात्री रस्त्याच्या रंगात मिसळतो, ट्रॉली आहे हे जवळ आल्याशिवाय कळत नाही. डीपरवर चाळीस-पन्नास मीटर दिसतं. ताशी ८० नं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे दिसल्यापासून आदळेपर्यंत दोन सेकंद. त्यातला एक "हे काय आहे" यात जातो. कंपन्यांच्या दुसऱ्या पाळीतून सुटलेली पोरं त्या रस्त्यानं घरी जातात, मोटारसायकलवर दोघं-दोघं. तुझ्याच वर्गातली काही त्यांत आहेत.

सकाळी गेले तेव्हा ट्रॉली नव्हती. चाकाला लावलेले दगड मात्र तिथंच होते, दोन, नारळाएवढे. ते मी आणि रिक्षावाल्यानं ढकलून बाजूला केले. तुला टायर बदलायला, ट्रॉली जोडायला, बिडी ओढायला वेळ मिळाला. दोन दगड उचलायला मिळाला नाही. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. बाकीच्या गोष्टी तुला माहीत नव्हत्या असं क्षणभर धरू. दगड रस्त्यात ठेवू नये, हे तुला माहीत नव्हतं?

कायद्याची भीती घालायला मला आवडत नाही, पण तुला दुसरी भाषा कळत नसेल तर ऐक. वजन जास्त असेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमानं २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल बाजूला, मागं किंवा मापाबाहेर उंच गेला तर त्याचे वेगळे २०,०००. हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे. आणि निष्काळजीपणानं कोणी मेलं तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून वाढली. "साहेब ओळखीचे आहेत" हे वाक्य माझ्यापुढं उच्चारायचं नाही. ओळखीचे साहेब दंड माफ करतील, त्रेचाळीस मीटरांचे सहा करणार नाहीत.

ट्रॉलीवरच्या माणसांचं काय? बीडकडून, नगरकडून, जालन्याकडून टोळ्या येतात तेव्हा अख्खा संसार ट्रॉलीवर असतो. भांडी, शेळी, कोयते, तान्हं पोर. हंगामात फडावरून खोपीकडं परततानाही बाया मोळ्यांवर बसतात, नाही तर दांड्यावर पाय सोडून. मुकादमाला वेगळी गाडी परवडत नाही, तुला "बसू नका" म्हणायला जड जातं, आणि त्या बायांना चालत जायचं तर स्वयंपाकाला रात्र होते. हे मला सगळं समजतं. पण ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावात (आपल्या दौंडातलं आलेगाव नव्हे) हळदीच्या कामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बाया गेल्या. हिंगोलीच्या गुंज गावच्या होत्या. सकाळची वेळ होती, रोजानं कामाला निघाल्या होत्या. ट्रॉलीला धरायला दांडी नसते, बसायला सीट नसते, पट्टा तर सोडच. ती ऊस, खत, विटा वाहायला आहे. आणि ट्रॅक्टरला सीट एकच आहे. मडगार्ड म्हणजे सीट नव्हे. तिथं तू तुझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला बसवतोस, मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. एक खड्डा पुरे आहे. ते पोर पुन्हा मडगार्डवर दिसलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही, थेट तुझ्या वहिनीशी बोलेन, आणि ती माझ्यापेक्षा वाईट बोलते.

तुझ्या मालकालाही निरोप दे. ते माझे विद्यार्थी नाहीत, म्हणून "अहो" म्हणते. अहो, टनावर पैसे मिळतात म्हणून तुम्ही टन वाढवता, खेपेवर मिळतात म्हणून खेपा वाढवता, आणि जीव मात्र पगारी पोराचा लावता. एका स्पीकरच्या पैशात दोन्ही ट्रॉल्यांचे मागचे दिवे, वायरिंग, लाल-पांढऱ्या पट्ट्या, खऱ्या पिना आणि साखळ्या होऊन वर चहापाणी होईल. हंगामाच्या तोंडाशी कारखान्यावर आरटीओवाले येतात, पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतात. ती पट्टी पंधरवड्यात चिखलानं झाकते, मग कोण पुसतं? आणि वरून ऊस लोंबला की पट्टी असून नसल्यासारखीच. शेवटची मोळी बांधल्यावर मागं जाऊन लोंबणारा ऊस कोयत्यानं छाटायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं तुम्ही त्याला दिलीत का, हे आधी सांगा.

जाता जाता, तुझ्या धाकट्या भावाचं. बंद पडलेल्या पिकअपला तो ट्रॅक्टरमागं दोरखंडानं टोचन लावून आणत होता, महामार्गावरून, संध्याकाळी. मागच्या गाडीत बसलेल्यानं चावी काढून खिशात घातली होती! चावी काढली की सुकाणू लॉक होतं. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं. आणि दोरखंड ओढतो, पण थांबवत नाही. पुढचा थांबला की मागचा त्याच्यावर जाऊन आदळणार. लोखंडी रॉड लावायचा, चावी चालूवर ठेवायची, मागं दिवे लुकलुकत ठेवायचे, आणि हे सगळं जवळच्या गॅरेजपर्यंतच. त्याहून लांब असेल तर क्रेन बोलवायची. त्याला सांग, मी विचारलंय म्हणून.

आता काय करायचं ते लिहून घे. नुसती मान डोलवू नकोस. उद्याच्या खेपेला एकच ट्रॉली. मालक ओरडले तर माझा नंबर दे. पेडलांची पट्टी आज रात्री रॉकेल लावून मोकळी कर आणि फडाबाहेर पडताना लावल्याशिवाय रस्त्याला लागू नकोस. सळई फेकून दे. पिन आण, खाली लॉक असलेली, आणि साखळी. आरसे दोन्ही बाजूंना. परावर्तक त्रिकोण घे, तो सीटखाली नव्हे, हाताशी ठेव. गाडी बंद पडली तर पन्नास पावलं मागं जाऊन लाव, आणि ट्रॉली सोडून जायची वेळ आली तर कोणाला तरी बॅटरी घेऊन तिथं बसव. दगडाऐवजी लाकडाचे दोन पाचर करून घे आणि दोरीनं ट्रॉलीलाच बांध, म्हणजे विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाहीत. स्पीकर उतरवून घरी ने. पुढच्या लग्नात वाजव.

आणि रविवारी ये, कागद घेऊन. ट्रॅक्टरचे नकोत, ते तू मघाशीच खिशातून काढून दाखवलेस. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, नंबर वेगळा असतो, विमाही वेगळा पाहावा लागतो. ट्रॉलीचे आण. दोन्ही ट्रॉल्यांचे. असा का बघतोस?